निद्रितेचा साचा

६ जानेवारी

आज राष्ट्रीय कलासंग्रहालयात रुजू झाले. ओळखपत्रावरचा फोटो असा आलाय की दारावरच्या पहारेकऱ्यानं आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं आणि सहानुभूतीनं आत सोडलं. पद साचेकार, शिल्पविभाग. मुदत येतं प्रदर्शन होईपर्यंत. पुढचं संचालकबाईंच्या मर्जीवर.

कार्यशाळा तळघरात आहे, पण तळघर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं इथे काही नाही. छताला लागून लांबलचक खिडक्या आहेत आणि त्यांतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात. उजेड भरपूर. मधोमध दगडी फरशीचं टेबल, भिंतीशी प्लास्टरची पिंपं, आणि टोकाला जाड काचेच्या भिंतीमागे ओतकामाची खोली, म्हणजे तिकडची धूळ इकडे येत नाही. इथले प्रमुख म्हणजे माझे मामा. या वर्षी ते निवृत्त होतील. हे काम मला त्यांनीच शिकवलं. बाबा गेल्यावर आईला आणि मला त्यांनीच सांभाळलं. माझ्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत एक माणूस पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या बुटांत बसलेला असायचा. त्यांनी लग्न केलं नाही. आई म्हणते, दादाचं लग्न प्लास्टरशी लागलंय, म्हणून तर बायको रोज त्याचे कपडे पांढरे करून पाठवते.

बाहेरच्या बोळात भिंतीवर प्लास्टरचे चेहरे ओळीनं लावलेत. ही इथली जुनी रीत आहे. ज्या कलावंताचं समग्र प्रदर्शन भरतं, त्याच्या चेहऱ्याचा साचा आमच्या कार्यशाळेनं घ्यायचा आणि तो चेहरा या ओळीत लावायचा. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मामा म्हणाले, अख्ख्या इमारतीत न भांडता एका रांगेत उभे राहिलेले कलावंत एवढेच.

९ जानेवारी

संग्रहालय आतून पाहिलं. प्रेक्षकांना दिसतं ते ताटातलं मीठ. खरं जेवण कोठारात. सरकत्या जाळ्यांवर टांगलेली चित्रं, कापसात निजवलेल्या मूर्ती, पायांना चिठ्ठ्या बांधलेले पुतळे. संचालकबाई चुलीवर दूध ठेवून आल्यासारख्या चालतात. त्यांच्यामागे धावत धावतच मी माझं काम समजून घेतलं.

प्रदर्शन गुरुजींचं आहे. इथे सगळेच त्यांना गुरुजी म्हणतात, कारण इथले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी आणि उरलेले निम्मे विद्यार्थ्यांचे विद्यार्थी. ऐंशी उलटली, तरी ताठ चालतात म्हणे. तरुणपणी मामा त्यांच्याकडे मदतनीस होते आणि त्यांच्याच शब्दावर मामांना इथे नोकरी लागली.

वरच्या मुख्य दालनात त्यांची ‘निद्रिता’ आहे, आपल्या संग्रहाचा मानबिंदू. झोपलेल्या तरुण स्त्रीचं ब्राँझचं मस्तक. पाठ्यपुस्तकात तिचा फोटो होता, त्यामुळे पहिल्यांदा समोर उभी राहिले तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तिच्या नाकाबद्दल समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिलीत. इतक्या जिवंत नाकपुड्या मातीत कुणाला साधल्या नाहीत, आता श्वास घेईल असं वाटतं, वगैरे. खोटं नाही ते. मीही क्षणभर थांबले.

या प्रदर्शनात पहिल्यांदाच एक स्पर्शदालन असणार आहे. ज्यांना दिसत नाही त्यांनी हातांनी शिल्पं पाहायची. तिथे ठेवायला निद्रितेच्या प्लास्टरच्या प्रती करणं हे माझं काम. काम नीट झालं तर नोकरी कायम, असं बाई जिना चढता चढता म्हणाल्या. निदान मला तरी तसं ऐकू आलं.

१३ जानेवारी

गुरुजींच्या घरून खोकी आली. त्यांच्या सुनेनं जुना स्टुडिओ रिकामा करून सगळं संग्रहालयाला देऊन टाकलंय. एका खोक्यात तळाशी, गोणपाटात गुंडाळलेला, चेहऱ्याचा एक साचा निघाला. वाडग्यासारखा खोलगट, आत उलटा चेहरा. खिडकीकडे धरला आणि ओळखलं, निद्रिता. मूळ साचा आहे म्हटल्यावर संचालकबाई पहिल्यांदाच एका जागी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. प्रती यातूनच करायच्या, असं जागीच ठरलं.

मामांना ते रुचलं नाही. जुना साचा आहे, ठिसूळ झाला असेल, ब्राँझवरून रबराचा नवा साचा घे, असं म्हणत राहिले. मी म्हटलं, साचा ठणठणीत आहे. ते उठले. चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

साचा मी फळीवर, भिंतीला टेकवून ठेवलाय. खोलगट चेहऱ्याची एक गंमत असते. लांबून तो खोलगट न दिसता फुगीर दिसतो आणि आपण चालू लागलो की तोही वळून आपल्याकडे बघतोय असं वाटतं. डोळ्यांना चेहरा उलटा बघायची सवय नसते, एवढंच कारण. सफाईला येणाऱ्या काकूंना मी हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, कळलं गं, पण तू त्यावर फडकं टाक.

१७ जानेवारी

पहिली प्रत काढली. साच्याला साबण लावला, तेलाचा हात फिरवला, प्लास्टर साईसारखं झाल्यावर ओतलं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं आणि मग हळूहळू निवतं. निवल्यावर अलगद सोडवलं. सुरेख आली. शांत, मिटलेल्या डोळ्यांची.

पण साबण लावताना दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे भुवईच्या जागी साच्यात केस अडकलेत. बारीक, काळे, आणि दोन-तीन केसांना मुळाशी पांढरं टोक आहे. मातीच्या मूर्तीला केस नसतात.

दुसरी गोष्ट नाकाची. जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा घेताना नाकपुड्यांत नळ्या घालतात. डोळे, तोंड सगळं प्लास्टरखाली जातं. श्वास काय तो त्या नळ्यांमधून. म्हणून अशा साच्याला नाकाशी दोन भोकं असतात आणि प्रतीत नाकपुड्या नंतर हातानं घडवाव्या लागतात. इथे भोकं नाहीत. उलट, नाकपुड्यांच्या जागी साच्यातून वर आलेले दोन बारीक कोंब आहेत, टोकाशी मोडलेले.

मामांना विचारलं. ते म्हणाले, गुरुजी मातीत काम करायचे, जिवंत चेहऱ्यावरून साचा घेणं त्यांना चोरी वाटायची, हे सगळ्या जगाला माहीत आहे. केस ब्रशचे असतील. एवढं बोलताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

२० जानेवारी

ते कोंब डोक्यातून जात नाहीत.

प्लास्टर आपणहून वर चढत नाही. नाकपुडीत इतकं आत जायचं तर ते कुणीतरी आत ओढायला हवं. मातीची मूर्ती श्वास घेत नाही. मेलेला माणूसही घेत नाही.

दुसरी प्रत आज काढली आणि ती पहिलीसारखी नाही. साचा तोच, दगडासारखा कडक. पण या प्रतीत भुवयांच्या मध्ये आठी आहे. आधी वाटलं, हवेचा बुडबुडा राहिला असेल. मग बोट फिरवलं. आठी आहे. झोपेत कुणी हाक मारल्यावर पडते तशी.

दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यात. मामांना दाखवल्या नाहीत.

२४ जानेवारी

तिसऱ्या प्रतीत ओठ विलग झालेत. दातांची कड दिसते.

आज स्पर्शदालनाच्या सल्लागार बाई आल्या होत्या. जन्मापासून दिसत नाही त्यांना. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयांनाही सल्ला देतात. तोंडाळ आणि मजेशीर. येताच म्हणाल्या, तुमच्या तळघराला पिठाच्या गिरणीसारखा वास येतो, मला आवडला. मी पहिली प्रत हातात दिली. त्यांची बोटं कपाळावरून गालांवर, गालांवरून ओठांवर गेली आणि थांबली. मी विचारलं, झोपलेली कळते का?

“झोपलेली कुठली? हिनं श्वास कोंडून धरलाय,” त्या म्हणाल्या. मग बोटं नाकाशी नेली आणि झटकन काढून घेतली. “पोरी, ही गरम का आहे गं?”

ओतून आठवडा होऊन गेलाय. मी हात लावला. प्रत गरम होती, नुकतं प्लास्टर घट्ट होत असावं तशी. दुसरी जास्त गरम. तिसरी हातात धरवेना.

जाताना त्या येतानासारख्या हसल्या नाहीत. अहवालात म्हणे त्या एवढंच लिहिणार आहेत की हे शिल्प लोकांच्या हातात देऊ नये.

२७ जानेवारी

गुरुजी येऊन गेले. पांढरा सदरा, काठी फक्त ऐटीसाठी. बोळातल्या चेहऱ्यांकडे पाहत म्हणाले, या मंडळींत मला बसवायची इतकी घाई का? सगळे हसले. गेली कित्येक वर्षं ते चेहऱ्याचा साचा द्यायचं टाळत आलेत; कधी सर्दी, कधी परदेश, कधी दाढी. आता समग्र प्रदर्शन त्यांचंच, म्हणजे सुटका नाही. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी, भाषणं चालू असतानाच तो घेतला जावा आणि संध्याकाळी पाहुण्यांपुढे मांडावा, असं संचालकबाईंनी ठरवलंय.

मग ते कार्यशाळेत आले आणि फळीवरचा साचा त्यांना दिसला.

हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. टेबलावरच्या तिन्ही प्रतींवरून त्यांची नजर फिरली. तिसरीपाशी थांबली. संचालकबाई फोनवर बोलत बाहेर गेल्या तेव्हा ते मामांच्या कानाशी वाकले. मी पिंपामागे होते, ते त्यांना माहीत नव्हतं.

“मोडून टाक म्हणून सांगितलं होतं तुला.”

मामा म्हणाले, हात उचलला गेला नाही. गुरुजी म्हणाले, तुझा हात कधीच वेळेवर उचलला गेला नाही. मग त्यांनी सौदा सांगितला. ते चेहऱ्याचा साचा द्यायला बसतील, खोलीत फक्त मामा असतील, आणि त्याच संध्याकाळी हा जुना साचा त्यांच्या गाडीत ठेवला जाईल.

२८ जानेवारी

मामांना सोडलं नाही मी. डब्यावरून उठू दिलं नाही. शेवटी बोलले, माझ्याकडे न पाहता, डब्याच्या झाकणाकडे पाहत.

साच्यातली ती मुलगी स्टुडिओसमोरच्या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. मामांचं आणि तिचं ठरलं होतं. घरी सांगायचं तेवढं बाकी होतं. गुरुजींना तिचा चेहरा हवा होता. तिला भीती वाटत होती. मामांनीच आग्रह केला. ती म्हणाली, तू हात धरून बसणार असशील तर बसते.

प्लास्टरखालच्या माणसाला बोलता येत नाही. म्हणून त्या स्टुडिओत एक खूण ठरलेली असायची. मदतनीसानं हात धरायचा. मूठ घट्ट आहे तोवर ठीक; मूठ सुटली की लगेच साचा काढायचा. नळ्यांमुळे नाकाचा आकार बिघडतो म्हणून गुरुजींनी शेवटी शेवटी नळ्या काढून घेतल्या. क्षणभराचं काम आहे, म्हणाले. तिनं मामांचा हात घट्ट धरला. मग आणखी घट्ट. मामा हाताकडे बघत होते. गुरुजींनी विचारलं, ठीक ना? मामा म्हणाले, धरलंय, चांगलं घट्ट धरलंय.

साचा काढला तरी मूठ सुटली नव्हती. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

उन्हाचा झटका, कमकुवत हृदय, असं गुरुजींनी सगळ्यांना सांगितलं आणि मामांनी मान डोलावली. तिच्या आईला घरी जाऊन सांगितलं तेही मामांनीच, तेही हेच. मग तो चेहरा मातीत उतरवला गेला, केस आणि कान बदलले गेले, ब्राँझमध्ये ओतला गेला आणि जग म्हणू लागलं, काय नाक आहे.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. ज्या हातानं मला रस्ता ओलांडून शाळेत नेलं तो हा हात.

२९ जानेवारी

झोप नाही. राग उतरत नाही. ते दोघं एवढी वर्षं जगले. एकानं पुरस्कार घेतले, एकानं पगार. ती मात्र पाठ्यपुस्तकात झोपलेली. झोपलेली म्हणे.

सकाळी मामा यायच्या आधी कार्यशाळेत गेले. चौथी प्रत काल ओतून ठेवली होती, ती सोडवली. हिचे डोळे घट्ट आवळलेत, तोंड वेडंवाकडं, गालांच्या शिरा ताणलेल्या. ती घाबरलेली नाही आता. चिडलेली आहे.

मी तिच्यासमोर बसले आणि मोठ्यानं बोलले. काय बोलले ते लिहून ठेवते, कारण मी ते मनापासून बोलले.

“तुला जे करायचं ते कर. दोघांनाही सोडू नकोस.”

माझ्या हाताखालचं टेबल कोमट झालं. दगडाचं टेबल.

१ फेब्रुवारी

मामा रोज लवकर येतात, माझा ब्रश धुऊन ठेवतात. आज माझ्यापुढे उभे राहिले. उद्घाटनाला सगळे जमलेले असतील, तेव्हा ते उभं राहून सगळं सांगणार आहेत. गुरुजींचा चेहरा मांडला की त्याच्याशेजारी हा साचा मांडायचा आणि बोलायचं. नोकरी जाईल, तुरुंगही असेल, पण आता बास, म्हणाले. तुझं काम गेलं तर मला माफ कर, असंही म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. किती दिवसांनी.

आणि घरी येताना लक्षात आलं, मी काय मागून बसलेय.

२ फेब्रुवारी

प्रतींसमोर पुन्हा बसले. हात जोडले. म्हटलं, मामांना सोड. ते सांगणार आहेत सगळं. तो दुसरा तुझा, त्याचं काय करायचं ते कर, पण मामांना सोड.

काही नाही. टेबल गरम.

मग साच्याकडे पाहिलं. मी जागची हलले नव्हते. तो वळला.

३ फेब्रुवारी

मामांच्या मनगटावर पांढरे व्रण. धुतले तरी जात नाहीत. प्लास्टर आहे म्हणतात, साठत जातं वर्षानुवर्षं. नखानं खरवडलं. खाली कातडी नाही, आणखी पांढरं —

संचालकबाईंना गाठलं. साचा घेणं रद्द करा म्हटलं. त्यांना वाटलं, मला ताण आलाय. हळद घातलेलं दूध पी आणि झोप, म्हणाल्या. प्रदर्शन परवावर आलंय.

मामांना म्हटलं, तुम्ही त्या खोलीत जाऊ नका. हसले. म्हणाले, मी नाही गेलो तर तो कधीच बसणार नाही, आणि मला तो सगळ्यांपुढे हवाय.

४ फेब्रुवारी

मोगरी घेतली. सगळ्या ताकदीनिशी साच्यावर मारली.

मोगरीचा दांडा मोडला. साच्यावर ओरखडा नाही. आतून आवाज आला — श्वास आत ओढल्याचा. लांब. पाण्याखालून वर आलेला माणूस ओढतो तसा. फक्त आत. बाहेर सोडल्याचा आवाज आलाच नाही.

चारही प्रतींचे चेहरे आता सारखे आहेत. चारही — ते लिहीत नाही.

दोघांना म्हटलं होतं मी. माझ्या तोंडानं. दोघांना.

५ फेब्रुवारी

वर भाषणं चालू आहेत, छतातून टाळ्या ऐकू येतात. भरदुपार आहे, खिडक्यांमधून पाहुण्यांचे चकचकीत बूट दिसताहेत.

काचेपलीकडे गुरुजी खुर्चीत मान मागे टाकून बसलेत. मी स्वतः पाहिलं, मामांनी दोन्ही नळ्या नीट घातल्या, कापूस लावला, श्वास तपासला. मग मला बाहेर बसायला सांगितलं. गुरुजींची अट. टेबलाशी बसलेय. वही समोर आहे म्हणून लिहितेय, हाताला चाळा म्हणून.

चेहरा झाकला गेलाय. मामांनी हात धुतले. शेजारी स्टुलावर बसून गुरुजींचा हात हातात घेतला. सगळं ठीक चाललंय. मी उगाच —

एक नळी हलली.

नळी बाहेर येतेय. हळूहळू. तिला कुणीही हात लावलेला नाही.

उठायला गेले. डावा हात मांडीवर होता, टेबलाखाली. तो कुणीतरी धरलाय. घट्ट. बोटं गरम आहेत. ओढते आहे, सुटत नाही. खाली बघत नाही. उजवा मोकळा आहे. कुणी आलं तर कळावं म्हणून लिहिते —

ओरडले. काच जाड. मामांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं मी विचारतेय, ठीक ना? मान हलवली. दोघांचे गुंतलेले हात उचलून दाखवले. धरलंय. घट्ट धरलंय.

मामा, हाताकडे नका बघू. नाकाकडे बघा. नाकाकडे —

दोन्ही नळ्या खाली पडल्या. भोकं बुजली. आपोआप बुजली. गुरुजी पाय झाडताहेत. आता मामांना कळलं. हात सोडवताहेत. सुटत नाही. त्यांचाही सुटत नाही.

पांढरं चढतंय. मनगटावरून बाहीत, बाहीतून गळ्याशी. मामा माझ्याकडे बघताहेत.

गुरुजींचे पाय थांबले. झालं ना तुझं. झालं ना. मामांना सोड, मी चुकले, मी मागितलेलं परत घेते, माझा हात धर हवा तेवढा, पण त्यांना —

हनुवटी. ओठ. मामा, नाकानं घ्या, नाकानं श्वास घ्या, मी येतेय, थोडा वेळ तग धरा, मी ये